मुलांच्या दप्तराशेजारी अम्मीचं दप्तर

आमच्या घरात दाराजवळच्या खुंटीवर दोन दप्तरं लटकलेली असायची. 2022 साल संपता संपता तिथं तिसरं दप्तर आलं. ते माझं होतं. मुलगी तेव्हा आठवीत, मुलगा दुसरीत आणि मी 35 वर्षांची. धाकट्यानं दप्तराकडे बघून विचारलं, "अम्मी, तुला पण होमवर्क असणार?" मी म्हणाले, "हो, तुझ्यापेक्षा जास्त." त्याला ते इतकं आवडलं की संध्याकाळपर्यंत त्यानं ही बातमी गल्लीभर केली. मी मात्र शेजारपाजारी अजून कुणाला सांगितलं नव्हतं. खरं सांगायचं तर लाज वाटत होती.

वाचक भगिनींनो, बी.एड. करून शिक्षिका व्हायचं हे माझं लहानपणापासूनचं स्वप्न वगैरे नव्हतं. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना, 2007 मध्ये माझा निकाह झाला. "पुढचं शिक्षण सासरी पूर्ण कर," असं सगळेच म्हणाले होते. कुणाच्या मनात खोट नव्हती, पण घर, बाळंतपण, सासऱ्यांचं आजारपण यांत वर्षं निघून गेली. मुलगा बालवाडीत जायला लागला तेव्हा, 2018 मध्ये, नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात नाव घातलं आणि घरी बसून बी.ए. पूर्ण केलं. अशाच अर्धवट सुटलेल्या लोकांसाठी हे विद्यापीठ 1989 मध्ये सुरू झालं. अभ्यास केंद्रावर माझ्याहून मोठ्या वयाच्या बायका पाहिल्या आणि थोडा धीर आला.

मग लॉकडाऊन आला. आमचे हे उद्यमनगरात लेथ मशीनवर काम करतात. कारखाने बंद, काम बंद, हातात येणारा पैसा बंद. त्याच दिवसांत मुलीचा अभ्यास मी घरी घ्यायला लागले. मोबाइलवरचा तास तिला समजत नव्हता, म्हणून मी तेच पुन्हा भाकरी थापता थापता समजावून सांगायचे. हळूहळू गल्लीतली आणखी चार मुलं येऊन बसू लागली. एका मुलाच्या आईनं विचारलं, "तुम्ही टीचर आहात का?" त्या रात्री मी यांना म्हटलं, "मी बी.एड. करू का?" हे गप्प राहिले. थोड्या वेळानं म्हणाले, "आता या वयात? आणि नोकरी लागेल कशावरून?" दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. उत्तर सासूबाईंनी दिलं, आणि तेही पहिल्या प्रश्नाचं. त्या स्वतः चौथी शिकलेल्या. म्हणाल्या, "जा बेटी, पढ. बच्चे मैं देखती."

घरी बसून बी.एड. होत नाही

अनेक भगिनी मला विचारतात, बी.ए.सारखं बी.एड. पण घरी बसून होईल ना? तर नाही. मुक्त पद्धतीचं बी.एड. हे आधीच शाळेत शिकवत असलेल्या शिक्षकांसाठी असतं. आपल्यासारख्यांना रोज कॉलेजला जावं लागतं. 2015 पासून हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा झाला आहे. पदवीला खुल्या गटात 50 टक्के गुण लागतात आणि राज्याची सीईटी द्यावी लागते. ही परीक्षा 100 प्रश्नांची, 90 मिनिटांची. बुद्धिमत्ता, सामान्य ज्ञान आणि शिक्षकी कल असे त्यात भाग असतात, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. प्रवेशाला वयाची वरची अट नाही. ही एक गोष्ट मला आधी माहीत असती तर माझी दोन-तीन वर्षं वाचली असती.

कोल्हापुरात बी.एड.ची बरीच कॉलेजं आहेत. महाराणी ताराबाईंच्या नावाचं सरकारी कॉलेजही आहे, त्याला लोक एस. एम. टी. टी. म्हणतात. सरकारी ठिकाणी फी कमी, पण जागा मोजक्या. मला खासगी कॉलेज मिळालं. पहिल्या वर्षाच्या फीसाठी माझ्या बांगड्या गहाण पडल्या. (2024 पासून मात्र राज्य सरकारनं मोठा दिलासा दिला आहे. ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिकदृष्ट्या मागास घटकांतल्या, 8 लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्नाच्या घरातल्या मुलींना केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला तर शिक्षण शुल्क पूर्ण माफ आहे. प्रवेश घेताना कॉलेजात हे जरूर विचारा.)

वर्गात माझ्या बाकावर बसणारी मुलगी 22 वर्षांची होती. ती मला पहिल्या दिवशी "मॅडम" म्हणाली, कारण तिला वाटलं मी शिकवायला आले आहे. आठवड्याभरात मी सगळ्यांची "भाभी" झाले.

चाळीस डोळे आणि एक खडू

बी.एड.मध्ये पुस्तकापेक्षा हातातलं काम जास्त. आधी सूक्ष्म अध्यापन, म्हणजे आपल्याच वर्गमित्रांसमोर पाच-सात मिनिटांचा पाठ. त्यात एकेक कौशल्य घोटून घ्यायचं. प्रश्न कसा विचारायचा, फळ्यावर कसं लिहायचं, उदाहरण कसं द्यायचं. मग खऱ्या शाळेत सराव पाठ. प्रत्येक पाठाचं टाचण आधी लिहून सरांकडून तपासून घ्यायचं. दोन वर्षांत मिळून 20 आठवडे शाळेत काढायचे असतात. त्याला आंतरवासिता म्हणतात.

माझी अध्यापन पद्धती मराठी. पहिला पाठ आठवीच्या वर्गावर होता. आत गेले, हजेरीपटावर माझं नाव वाचलं गेलं आणि मागच्या बाकावरून एका मुलानं विचारलं, "मॅडम, तुम्ही उर्दूच्या ना?" वर्ग हसला. मी म्हटलं, "नाही, मराठीची. माझं घर कोल्हापुरातलंच आहे." तो मुलगा खजील झाला, पण मीच जास्त गोंधळले. टाचणातले तीन प्रश्न विसरले, फळ्यावरची ओळ तिरकी गेली. पाठ संपल्यावर सरांनी वहीत लाल शाईनं शेरा लिहिला होता: विषयज्ञान चांगलं, आत्मविश्वास कमी. त्या दिवशी केएमटीच्या बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून रडले.

दुसऱ्या पाठाला त्याच मुलाला मी उभं केलं आणि त्याच्या गावाकडचे, शेतातले, गुऱ्हाळातले शब्द फळ्यावर लिहायला सांगितले. काहील, चिपाड, आधण, ढेप. त्याच्या शब्दांवरून मी नामाचे प्रकार शिकवले. घंटा झाली तरी मुलं उठली नाहीत. मराठी कुणाची, हा प्रश्न पुन्हा त्या वर्गात आला नाही.

पहिल्या वर्षाचे काही सराव पाठ रमजानमध्ये आले. सहेरीला उठायचं, नमाजनंतर टाचण लिहायचं, मुलांचे डबे, मग कॉलेज. इफ्तारची तयारी मुलगी आणि सासूबाई मिळून करायच्या. कोरड्या घशानं तास घेताना समजलं की मोठ्यानं बोलण्यापेक्षा मुलांना बोलतं करणं सोपं असतं. हे शिक्षण मला रोजानं दिलं.

सगळंच जमलं असं नाही. दुसऱ्या वर्षी मुलाला डेंगी झाला. आंतरवासितेला 90 टक्के हजेरी लागते, इतर तासांना 80 टक्के. तीन दिवस मी दवाखान्यात होते, चौथ्या दिवशी त्याला सासूबाईंजवळ ठेवून शाळेत गेले. तो रडत नव्हता, नुसता बघत होता. शाळेत मी काय शिकवलं ते आज आठवत नाही, त्याचं बघणं आठवतं. त्या रात्री यांनी मला काही सुनावलं नाही. दुसऱ्या दिवशी कामावर खाडा करून हेच दवाखान्यात बसले. त्या दिवशी मला वाटलं, आता हे शिक्षण माझ्या एकटीचं राहिलं नाही.

आजोबांचा दाखला

आता मी ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला, तिच्याकडे येते. ती म्हणजे कागदपत्रं.

सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या भरतीला खुल्या गटात 38 आणि मागासवर्गीयांना 43 वर्षांपर्यंत वयाची मर्यादा आहे. बी.एड. संपलं तेव्हा मी 37 ची होते. म्हणजे खुल्या गटातून माझ्या हातात जेमतेम एक वर्ष होतं, आणि भरती काही दरवर्षी निघत नाही. माझं माहेर बागवानांचं. बागवान, अत्तार, तांबोळी, पिंजारी, मोमीन अशा आपल्यातल्या कितीतरी जमाती महाराष्ट्राच्या ओबीसी यादीत आहेत, पण दाखला काढलेली घरं थोडी. आणि लग्न झालेल्या बाईचा दाखला सासरच्या नाही, वडिलांकडच्या पुराव्यावर मिळतो. ओबीसीसाठी 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा दाखवावा लागतो.

इथेच आपली अडचण होते. जुन्या शाळांच्या रजिस्टरात जातीच्या रकान्यात आपल्या लोकांपुढे बहुतेक वेळा नुसतं "मुसलमान" लिहिलेलं असतं. माझ्या वडिलांच्या दाखल्यावर तेवढंच होतं. भाईजाननी सुट्ट्या काढून करवीर तालुक्यातल्या आमच्या मूळ गावच्या शाळेत चार हेलपाटे मारले. शेवटी जीर्ण रजिस्टरात आमच्या आजोबांच्या नावापुढे दोन शब्द सापडले: मुसलमान, बागवान.

आजोबा आयुष्यभर पेरू आणि केळी विकत होते. ते शाळेत गेले, म्हणून त्यांच्या नातीला शिक्षिका होण्यासाठी आणखी पाच वर्षं मिळाली. आणि बागवानाचं ते पोर शाळेत कसं गेलं? राजर्षी शाहू महाराजांनी 1917 मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं होतं. त्याआधी 1906 मध्ये त्यांनी कोल्हापुरातल्या मुसलमानांना एकत्र करून मोहामेडन एज्युकेशन सोसायटी काढली आणि स्वतः तिचे अध्यक्ष झाले. दसरा चौकातलं मुस्लिम बोर्डिंग त्यातूनच उभं राहिलं. मी त्या चौकातून बसनं शेकडो वेळा गेले असेन. रजिस्टरातले ते दोन शब्द पाहिल्यानंतर मात्र तिथला महाराजांचा पुतळा मला वेगळा दिसू लागला.

आपण पहिल्या नाही

पदरात मूल असताना शिकून शिक्षिका झालेली बाई महाराष्ट्राला नवी नाही. देवरूखच्या पार्वतीबाई आठवले यांचा जन्म 1870 चा. तरुणपणी वैधव्य आलं, पदरात मुलगा. अक्षरओळखही नव्हती. पुण्याला बहिणीकडे, म्हणजे महर्षी कर्वे यांच्या घरी आल्या, मोठ्या वयात शिकल्या आणि हिंगण्याच्या आश्रमाच्या कामात आयुष्य घातलं. पुढे 1918 मध्ये, पन्नाशीला टेकल्या असताना, इंग्रजी शिकायला त्या अमेरिकेला गेल्या आणि पोटासाठी तिथं घरकामही केलं. "माझी कहाणी" हे त्यांचं आत्मचरित्र 1928 मध्ये आलं. बांगड्या गहाण ठेवताना मला स्वतःची फार कीव आली होती. हे वाचल्यावर ती पुष्कळ कमी झाली.

पदवीनंतरचा रस्ता

बी.एड. झालं की नोकरी, असं नाही, हे आधीच माहीत असलेलं बरं. सहावी ते आठवीला शिकवायचं तर टीईटीचा दुसरा पेपर पास व्हावा लागतो. तो 150 गुणांचा. खुल्या गटाला 90 आणि मागासवर्गीयांना 82 गुण हवेत. मला पहिल्या वेळी 79 पडले. निकाल पाहून मुलगी म्हणाली, "अम्मी, मला गणितात कमी पडले तेव्हा तू काय म्हणाली होतीस?" मी काय म्हणाले होते ते मला चांगलं आठवत होतं, म्हणून गप्प बसले आणि पुन्हा पुस्तक उघडलं. दुसऱ्या वेळी 91 पडले. हे प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालतं. त्याशिवाय टेट नावाची 200 गुणांची अभियोग्यता परीक्षा असते आणि तिच्या गुणांवर पवित्र पोर्टलमधून भरती होते. निवड झाली तरी पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून मानधनावर काढायची. माध्यमिकला हे मानधन महिना 18,000 रुपये आहे.

बारावी झालेल्या आणि लहान वर्गांना शिकवायची आवड असलेल्या भगिनींनी दोन वर्षांचं डी.एल.एड. करावं. ऑगस्ट 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की पहिली ते पाचवीसाठी बी.एड. चालत नाही. चुकीची पदवी घेऊन दोन वर्षं घालवू नका.

मी सध्या एका खासगी शाळेत मराठी शिकवते. पगार थोडा आहे. बांगड्या मात्र सुटून आल्या. यांच्या दुसऱ्या प्रश्नाचं, नोकरी लागेल कशावरून याचं, पक्कं उत्तर आजही माझ्याकडे नाही. भरतीची वाट बघते आहे, 43 पूर्ण व्हायला अजून अवकाश आहे. पण गेल्या महिन्यात यांनी कारखान्यातल्या एका मित्राच्या बायकोला माझ्याकडे पाठवलं. दोन मुलांची आई, बारावी पास. यांनीच तिला सांगितलं होतं, "आमच्या घरी जाऊन विचारा, त्यांना सगळं माहीत आहे."

तिला जे सांगितलं तेच तुम्हाला सांगते. फॉर्म निघायची वाट बघू नका. आधी माहेरी फोन करा आणि वडिलांचा, आजोबांचा, चुलत आजोबांचा शाळेचा दाखला शोधायला लावा. जातीचा दाखला, पडताळणी आणि नॉन-क्रीमी लेयर यांत महिने जातात. मार्कशीटवर माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं नाव असेल तर लग्नाचा दाखला आणि नावबदलाचं राजपत्र तयार ठेवा. घरातल्या कुणा एकाला तरी आपल्या बाजूला करून घ्या, ती सासू असली तर उत्तमच. आणि मुलांना पहिल्या दिवशीच खरं सांगा. अम्मीला पण परीक्षा आहे म्हटल्यावर मुलं आपलं घड्याळ आपणच सांभाळायला शिकतात.

ती बाई उठताना म्हणाली, "भाभी, लोक काय म्हणतील?" तेवढ्यात माझा धाकटा आतून ओरडला, "मी सगळ्यांना सांगून येतो!"