शिक्षकाचं शिकणं – भाग 7 : आधी आपली वही, मग दहा शाळांची नजर

42 वजा 17. हातच्याची वजाबाकी नुकतीच शिकलेली बरीच मुलं याचं उत्तर 35 लिहितात, मग ती मंठा तालुक्यातली असोत की मुंबईतली. शिक्षक फुली मारतात, पुन्हा समजावतात, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा 35 येतं.

हे 35 मात्र दोन वाटांनी येतं. एक मूल पाहतं की दोनातून सात जात नाहीत, म्हणून ते सरळ सातातून दोन काढतं. उरले पाच. मग चारातून एक, उरले तीन. दुसरं मूल दशक मोडतं, बारातून सात बरोबर वजा करतं, पण चारातला एक दशक खर्च झाला हे विसरतं. त्याचेही पाच आणि तीन. वहीत दोघांचं उत्तर सारखंच दिसतं. पहिल्याला दशक मोडणं म्हणजे काय हेच उमगलेलं नसतं; त्याच्या हातात काड्यांचे गठ्ठे आणि सुट्या काड्या द्यायला हव्यात. दुसऱ्याला ते उमगलेलं असतं, त्याला फक्त 4 खोडून 3 लिहायची सवय लागायला हवी. दोघांना एकच उपाय केला, तर एकाचा तरी वेळ वाया जातो.

छोट्या शाळेत तिसरीत आठ-दहा मुलं असतात. त्यांतल्या दोघांनी 35 लिहिलं तर शिक्षकाला एखादीच वाट दिसते, आणि सगळेच त्या वाटेनं चुकतात असं वाटणं स्वाभाविक आहे. दहा शाळांच्या वह्या एका टेबलावर आल्या, की दोन्ही वाटा दिसतात. मग कोणीतरी सुचवतं, 43 वजा 17 देऊन बघा. इथे पहिलं मूल 34 लिहील आणि दुसरं 36. एक अंक बदलला आणि दोन चुका वेगळ्या झाल्या. शिक्षकाच्या व्यावसायिक वाढीत स्वातंत्र्य कुठवर आणि सहकार्य कुठून, या आजच्या प्रश्नाचं याहून नेमकं उदाहरण मला सापडलेलं नाही.

दहा शाळा एकत्र बसण्याची जागा आपल्याकडे आधीपासून आहे. 1994 साली राज्यात केंद्रप्रमुख हे पद आलं आणि साधारण दहा-दहा शाळांची केंद्रं झाली. जालना जिल्ह्याच्या आठही तालुक्यांत हीच रचना आहे: केंद्र, त्यावर गटसाधन केंद्र, आणि त्यावर जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, म्हणजे आपलं डाएट. महिन्याची शिक्षण परिषद केंद्रातच होते. जुने शिक्षक तिला अजून गटसंमेलन म्हणतात. नवी योजना नको, नवा निधी नको. दर महिन्याला चाळीसेक शिक्षक एका छताखाली येतात, ही मोठी दौलत आहे.

ती वापरली जाते कशी? परिषदेचे विषय बहुतेक वेळा वरून ठरून येतात. सुलभक सादरीकरण दाखवतो, मग ॲपवरच्या राहिलेल्या नोंदी, मग पत्रकं, मग चहा. कॅनडात काम केलेले शिक्षणतज्ज्ञ अँडी हारग्रीव्हज यांनी 1990च्या दशकात अशा वरून घडवून आणलेल्या सहकार्यावर बोट ठेवलं होतं. शिक्षक एकत्र बसतात, पण बसण्याचं कारण त्यांचं नसतं. त्यात शिक्षकांचा दोष आहे असं मला वाटत नाही. 12 वर्षांनंतरची वरिष्ठ वेतनश्रेणी आणि 24 वर्षांनंतरची निवडश्रेणी प्रशिक्षणाशी बांधलेली आहे. 2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं वर्षाला 50 तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा ठेवली आहे. तास मोजले जाऊ लागले, की माणूस तास भरतो.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. शिक्षण हक्क कायद्यानुसार प्राथमिक शाळेत 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक. वस्तीवरच्या शाळेत म्हणजे दोन शिक्षक आणि चार-पाच वर्ग, दाराआड. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ डॅन लॉर्टी यांनी 1975 सालीच दाखवून दिलं होतं की शिक्षक आपापल्या खोलीत एकेकटे काम करतात आणि एकमेकांचं शिकवणं क्वचितच पाहतात. या एकटेपणाला आपण सहज स्वातंत्र्य म्हणून जातो. मला ते पटत नाही. कोणी पाहत नाही, म्हणून कोणी सांभाळूनही घेत नाही.

खरं स्वातंत्र्य वेगळ्या ठिकाणी लागतं. अंबड-घनसावंगीकडे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. काही मुलं आईबापांसोबत जातात, काही हंगामी वसतिगृहाच्या आधारानं मागे राहतात, आणि गेलेली मुलं मार्च-एप्रिलमध्ये परततात तेव्हा वर्ग पुढे निघून गेलेला असतो. त्या मुलाला कुठून धरायचं? मंठा-परतूरकडच्या एखाद्या तांड्यावर पहिलीचं मूल घरी गोरमाटी बोलतं आणि शाळेत पहिल्यांदा प्रमाण मराठी ऐकतं. त्याच्याशी कोणत्या शब्दांपासून सुरुवात करायची? याचं उत्तर पुण्याहून येणाऱ्या घटकसंचात असू शकत नाही. ते त्या बाईंनी किंवा सरांनीच शोधायचं असतं, चुकतमाकत, आणि तसं शोधायला त्यांना मोकळीक हवी.

म्हणून माझं म्हणणं क्रमाचं आहे. आधी एकट्यानं प्रयत्न, मग तो दहा जणांसमोर मांडणं, मग पुन्हा आपल्या वर्गात एकट्यानं. पहिली पायरी गाळली की काय होतं, ते आपण पाहिलं आहे. जून 2015मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम आला आणि राज्यभरातले शिक्षक सातारा जिल्ह्यातलं कुमठे बीट पाहायला जाऊ लागले. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या शिक्षकांनी ज्ञानरचनावाद प्रत्यक्ष वर्गात उतरवला होता. जाणाऱ्यांचा उत्साह खरा होता आणि अनेक शाळा त्यातून बदलल्या. पण जे स्वतःचा प्रश्न न घेता गेले, ते फरशीवर रंगवलेले तक्ते तेवढे घेऊन आले. कुमठ्याच्या शिक्षकांनी ते का रंगवले, हे मागेच राहिलं.

जपानमध्ये आपला पाठ असा इतरांसमोर मांडण्याची पद्धत शंभरहून अधिक वर्षं रुजलेली आहे. तिथे शिक्षक मिळून एक पाठ आखतात, एक जण तो आपल्या वर्गात घेतो, बाकीचे मागे उभे राहून पाहतात. नजर असते मुलांवर: कोण कुठे अडलं, कोणी कसा विचार केला. चर्चा पाठाची होते, शिक्षकाची नाही, त्यामुळे कोणाला परीक्षा दिल्यासारखं वाटत नाही. आणि इतकं लांब तरी कशाला जायचं? जालन्याजवळ खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रात शेतकऱ्यांचं मासिक चर्चासत्र वर्षानुवर्षं भरतं आहे. शेतकऱ्याला तिथे हजेरीपटावर सही करायची नसते. तो आपल्या शेतातली अडचण घेऊन येतो.

शिक्षण परिषदेचा अर्धा वेळ तरी असा द्यायला हवा. विषय केंद्रातल्याच शिक्षकांनी महिनाभर आधी ठरवावा, आणि तो ‘गणित’ इतका मोठा नको, ‘हातच्याची वजाबाकी’ इतका लहान हवा. प्रत्येकानं आपल्या वर्गातल्या तीन वह्या आणाव्यात, त्याही चुकलेल्या. ज्या शाळेत परिषद आहे तिथला एक पाठ सगळ्यांनी पाहावा. केंद्रप्रमुखांनी त्या वेळात एकही पत्रक मागू नये. हे शेवटचं सर्वात अवघड आहे, कारण पत्रकाची विचारणा त्यांनाही वरून होत असते; ही अडचण गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या पातळीवरच सुटेल.

परिषदेची वाट न पाहताही एक गोष्ट सुरू होऊ शकते. द्विशिक्षकी शाळेतल्या दोघांनी आठवड्यातून एकदा, अर्धा तास, एकमेकांच्या वर्गात बसावं. दोन्ही वर्ग एकत्र करून एकानं शिकवायचं, दुसऱ्यानं मुलांकडे पाहायचं. पाहणाऱ्यानं नेमकं काय टिपायचं आणि ते सहकाऱ्याला न दुखावता कसं सांगायचं, हे पुढच्या भागात.