सोबतीला आलेले यंत्रमानव

घरात माणसाला सोबत करणाऱ्या यंत्रमानवांमध्ये सोनीचा आयबो हा यांत्रिक कुत्रा पहिल्या काहींपैकी एक. तो १९९९ साली आला, २००६ मध्ये त्याचे उत्पादन थांबले आणि २०१४ मध्ये कंपनीने दुरुस्तीही बंद केली. तरी आयबो एकदम मेले नाहीत. त्यांचा मेंदू त्यांच्याच अंगात होता. त्यामुळे सोनीतून बाहेर पडलेले तंत्रज्ञ निकामी आयबोंचे सुटे भाग काढून इतरांना बसवत राहिले. भाग काढण्यापूर्वी जपानच्या चिबा प्रांतातील कोफुकुजी मंदिरात या आयबोंचे अंत्यविधीही होऊ लागले.

पुढच्या दशकाने नेमकी हीच सोय काढून घेतली: यंत्रमानवांचा मेंदू कंपनीच्या सर्व्हरवर गेला. २०१४ मध्ये एमआयटीच्या सिंथिया ब्रझील यांनी जिबोची घोषणा केली आणि लोकवर्गणीतून ३० लाखांहून अधिक डॉलर जमले. बोलणाऱ्याकडे मान वळवणारा, घरच्यांचे चेहरे ओळखणारा, नाचून दाखवणारा जिबो २०१७ मध्ये सुमारे ९०० डॉलरला घरोघरी पोचला. ‘टाइम’ने त्याला त्या वर्षीच्या उत्कृष्ट शोधांत स्थान दिले. पुढच्याच वर्षी कंपनी बंद पडली. २०१९ मध्ये जिबोने स्वतःच मालकांना सांगितले की सर्व्हर लवकरच बंद होणार आहेत. आभार मानले आणि शेवटचे नाचून दाखवले. कुरी या दुसऱ्या घरगुती यंत्रमानवाचे उत्पादन २०१८ मध्येच थांबले होते.

यातून धडा घेतला गेला नाही. २०२० मध्ये आलेला मॉक्सी पाच ते दहा वर्षांच्या मुलांसाठी होता. स्वमग्न मुलांनाही त्याच्याशी संवादाचा सराव करता येई. डिसेंबर २०२४ मध्ये गुंतवणूक फिसकटली आणि कंपनीने गाशा गुंडाळला. मित्र का बोलेनासा होणार, हे लहान मुलांना समजावण्याचे काम आईवडिलांवर येऊन पडले. घरच्या संगणकावरून मॉक्सी चालवण्याची सोय पुढे आली, पण ती कंपनी बंद होण्याच्या घोषणेनंतर. ती पहिल्या दिवसापासून द्यायला हवी होती. विक्रीचे पैसे एकदाच मिळतात, सर्व्हरचा खर्च मात्र दरमहा चालू राहतो, हे गणित कंपन्यांना आधीपासून ठाऊक होते.

याउलट, जपानचे ताकानोरी शिबाता यांनी घडवलेला पारो हा सीलच्या पिल्लाच्या रूपातला यंत्रमानव २००५ पासून विकला जातो. २००९ मध्ये अमेरिकेने त्याला वैद्यकीय उपकरण म्हणून मान्यता दिली. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांच्या मांडीवर तो स्पर्शाला आणि आवाजाला प्रतिसाद देतो. त्याला इंटरनेट लागत नाही.