थंड मुलखातला माड : शिंदी आणि खजूर

उत्तरेकडे स्थिरावलेल्या मराठी घरांच्या परसात तुळस, प्राजक्त, कढीलिंब ही मंडळी पिढ्यान्‌पिढ्या सुखाने नांदत आली आहेत. माड मात्र नांदला नाही. कोकणातून परतताना कोणी ना कोणी मोठ्या हौसेने नारळाचे रोप घेऊन येतो, न्हाणीच्या सांडपाण्यावर ते लावले जाते, दोन पावसाळे चांगले तरारते आणि मग एखाद्या पौषात त्याची मधली सुई काळी पडते. फाल्गुनापर्यंत सारे रोप वाळलेले असते. ग्वाल्हेर, झाशी, उज्जैन या भागांत हा अनुभव नसलेले घर विरळाच.

यात त्या रोपाचा दोष नाही आणि ते लावणाऱ्याचाही नाही. माडाला बारा महिने उबदार हवा लागते. सरासरी २७ अंशांच्या आसपासचे तापमान त्याला मानवते आणि पारा दहाच्या खाली गेला की त्याची वाढ खुंटते. ग्वाल्हेरला जानेवारीत तो दोन-तीन अंशांपर्यंत उतरतो. ज्या रात्री गवतावर पांढरे दहिवर गोठते, त्या रात्री कोवळा माड वाचणे कठीण. हिंदीत या गोठलेल्या दहिवराला ‘पाला’ म्हणतात. आपल्या मराठीतला पाला म्हणजे झाडाची पाने. तेव्हा इकडे पाल्यानेच पाला मरतो, असे म्हणावयास हरकत नाही.

ही थंडी आंब्यालाही लागते, पण आंब्याच्या दहा फांद्या जळल्या तरी अकराव्या डोळ्यातून फूट येते. माडाचे तसे नाही. त्याच्या खोडाला जन्मभर एकच कोंब असतो आणि तो शेंड्यातल्या गाभ्यात दडलेला असतो. तो कोंब गोठला की झाडाचा कारभार आटोपला. अमरकोशकारांनी ताल, खर्जूर, केतकी यांना ‘तृणद्रुम’, म्हणजे गवतांतले वृक्ष, म्हटले आहे. आजचे वनस्पतिशास्त्रही गवताला आणि ताडाला एकदल वनस्पतींच्याच विभागात बसवते. वृक्षाची उंची आणि गवताची घडण असे हे कुळ आहे.

परंतु हे सारेच कुळ थंडीला भिते असे मात्र नव्हे. कुमाऊंच्या डोंगरांत पिठोरागडजवळ सुमारे दोन हजार मीटर उंचीवर, जेथे हिवाळ्यात बर्फ पडते, तेथेही या कुळातील एक जात रानात वाढते. स्पेनमधील एल्चे गावची खजुराची विस्तीर्ण बाग युरोपातच आहे आणि २००० साली युनेस्कोने तिला जागतिक वारशात स्थान दिले. इतके दूर जाण्याचेही कारण नाही. ज्या गावात आपला माड मरतो, त्याच गावाच्या वेशीवर, नाल्याच्या काठी, कोणी पाणी न घालता, कोणी पोते न गुंडाळता या कुळातील एक झाड शतकानुशतके उभे आहे. ते म्हणजे शिंदी.

मध्य प्रदेशात तिला छिंद किंवा खजूर म्हणतात. छिंदवाडा हे नाव या झाडावरूनच पडले असे सांगतात, आणि आपला ‘शिंदी’ हा शब्द व त्यांचा ‘छिंद’ ही एकाच घरची भावंडे वाटतात. शास्त्रीय दृष्ट्या ती अरबस्तानच्या खजुराची सख्खी चुलत बहीण. ग्वाल्हेरची थंडी आणि मे महिन्यातली ४५ अंशांची लाही या दोहोंना पुरून उरणारे याहून काटक फळझाड आपल्या परसाला मिळावयाचे नाही.

आणि तरीही आपल्या घरांत तिला थारा नाही! कारण उघड आहे. तिच्या खोडाला खाच पाडून रस काढतात. पहाटे तो गोड नीरा असतो, ऊन चढू लागले की आंबून त्याची ताडी होते. शिंदी हा शब्दच त्या पेयाचे नाव होऊन बसला. शिंदीच्या झाडाखाली बसून दूध प्यायले तरी लोक ताडीच प्याला म्हणतात, अशा अर्थाची म्हण आपल्याकडे आहेच. परंतु लक्ष्मीपूजनाच्या सायंकाळी आपण हळदकुंकू वाहून जिची पूजा करतो, ती केरसुणी परंपरेने शिंदीच्याच पानांची. पाने देवघरापर्यंत आली, तर झाडाने कुंपणाबाहेर का राहावे? शहरे वाढू लागली, वेशीवरच्या नाल्यांचे भूखंड पडू लागले, तशी ही झाडे प्रथम तोडली जातात. मग त्याच जागी बांधलेल्या बंगल्याच्या दारात रोपवाटिकेतून महागडा शोभेचा पाम आणून लावला जातो. या व्यवहारातले शहाणपण मला तरी उमगलेले नाही.

शिंदीला माघ-फाल्गुनाच्या सुमारास पोय येते आणि ज्येष्ठात फळे पिवळी-केशरी होतात. फळ बोटाच्या पेराएवढे, बी मोठी, गर थोडा. कच्चेपणी ते इतके तुरट की जीभ जडावते. म्हणून जाणती मंडळी घड केशरी होताच उतरवतात, रात्रभर मिठाच्या पाण्यात बुडवतात आणि मग निथळून गोणपाटात गुंडाळून ठेवतात. दोन-तीन दिवसांत शिंदोळ्या तपकिरी, मऊ होतात आणि तुरटपणा जाऊन गुळासारखी गोडी उतरते. मुलांना त्या तशाच खावयाला द्याव्यात. पाखरांनी किंवा वटवाघळांनी उष्टावलेली फळे मात्र वेचून फेकून द्यावीत. त्यांपासून आजार संभवतो.

गर थोडा असल्याने शिंदोळीचे खरे चीज चटणीत होते. पिकलेल्या शिंदोळ्या धुऊन, बुडतील इतक्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटे उकडाव्या, निवल्यावर हाताने कुस्कराव्या आणि जाड चाळणीवर चोळून गर काढावा. पुरणयंत्राच्या वाटेस जाऊ नये, बिया अडकतात. या गरात त्याच्या निम्मा चिंचेचा कोळ, चवीपुरता गूळ, सैंधव, भाजलेल्या जिऱ्याची पूड व तिखट घालून पळीवाढी होईपर्यंत आटवावे. कचोरी-समोशांच्या या मुलखात अशी चटणी वाया जाण्याची भीती नाही. हाच गर पाण्यात कालवून, लिंबू पिळून उन्हाळ्यात सरबतासारखाही घेता येतो.

ज्यांना मोठे, गरदार फळ हवे त्यांनी खजूर लावावा. पूर्ण वाढलेला खजूर शून्याच्या खाली चार-पाच अंशांची थंडीही सोसतो. झावळ्या होरपळतात, पण कोंब वाचतो. त्याचा वैरी थंडी नसून पाऊस आहे. अरबस्तानात फळ झाडावरच मऊ होते, कारण तेथे त्या दिवसांत पाऊस नाही. आपल्याकडे फळ पिकण्याच्या ऐन वेळी मृगाच्या सरी येतात आणि मऊ झालेले फळ कुजते. कच्छच्या लोकांनी यावर शतकांपूर्वी तोड काढली. फळ पूर्ण वाढून पिवळे किंवा लाल झाले, पण अजून कडक आहे, अशा अवस्थेत ते उतरवून ताजेच खातात. मुंद्रा भागातील या फळाला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले.

येथे बडोद्याच्या वाचकांना गंमत वाटेल. गुजराती लोक या ताज्या, करकरीत फळाला ‘खारेक’ म्हणतात, तर मराठीत खारीक म्हणजे डिंकाच्या लाडवात पडणारी सुकी, सुरकुतलेली वस्तू. शब्द एक, टोके दोन! पण दोन्ही अर्थ एकाच अवस्थेतून निघतात. ते पिवळे कडक फळच पाण्यात काही मिनिटे उकळून कडक उन्हात वाळवले की आपली खारीक होते. घरी करून पाहण्यासारखे आहे, मात्र आठवडाभर स्वच्छ ऊन हवे. आषाढाचे आभाळ भरून आले असेल तर ताजे फळच खाऊन संपवावे. बरही ही जात त्यासाठी उत्तम. पिवळ्या अवस्थेतही तिला तुरटपणा जवळजवळ नसतो.

आता या कुळाची एक खोड सांगितली पाहिजे, कारण तिच्यापायी अनेकांची दहा वर्षे फुकट जातात. शिंदी असो वा खजूर, नर झाड वेगळे आणि मादी झाड वेगळे. बी पेरून आलेल्या रोपांत निम्मी नर निघतात आणि पोय येईपर्यंत ओळख पटत नाही. शिवाय दुकानातल्या खजुराची बी पेरली तर फळ त्या जातीचे येईलच असे नाही. मुलांनी कौतुकाने बी लावावी, जरूर लावावी. परंतु फळाची आशा धरणाऱ्याने खजुराच्या मादी झाडाच्या बुंध्याजवळ फुटलेले पिल्लू आणावे किंवा ऊतिसंवर्धनाने तयार केलेले रोप घ्यावे. अशा रोपाला तीन-चार वर्षांत फळ धरू लागते. शिंदीला बुंध्याशी पिल्ले फुटत नाहीत, तेव्हा तिच्या बाबतीत बीच पेरावी, पण चार-पाच रोपे एकत्र लावावी, म्हणजे त्यांत मादी सापडतेच. आठ-दहा वर्षे थांबण्याची मात्र तयारी हवी.

एकटी मादी फळ धरत नाही. जवळ नर नसेल तर परागसिंचन हाताने करावे लागते. मेसोपोटेमियातील शेतकरी हजारो वर्षांपूर्वी हे करीत आणि पद्धत आजही तीच आहे. नराची पोय नुकतीच उकलली की तिच्यातल्या पाच-दहा काड्या तोडाव्या, मादीची पोय उकलल्यापासून दोन-तीन दिवसांच्या आत तिच्या मधोमध उलट्या खोचाव्या आणि वरून सैलसर सुतळी बांधावी. खजुराचा नर मिळाला नाही तर वेशीवरच्या शिंदीच्या नराचा पराग चालतो. या घराण्यात सोयरीक सहज जुळते. ज्या शिंदीला आपण परकी मानली ती येथे अशी उपयोगी पडते!

लागवडीचे तंत्र सोपे आहे. शिंदीची ताजी बी दोन दिवस पाण्यात भिजवावी, पाणी रोज बदलावे, आणि उन्हाळ्याच्या अखेरीस उंच पिशवीत रेतीमिश्रित मातीत पेरावी. पहिले पान गवताच्या पात्यासारखे येते, ते तण समजून उपटू नये. पुढील पावसाळ्यात तीन फूट खोल खड्ड्यात माती, रेती व शेणखत भरून रोप लावावे. जागा पूर्ण उन्हाची हवी. पहिले दोन हिवाळे रात्री पोते गुंडाळावे आणि सायंकाळी कोंबात पाणी पडू देऊ नये. गेंड्या भुंगा व सोंड्या भुंगा हे या कुळाचे हाडवैरी. निंबोळी पेंड व रेती समभाग मिसळून पानांच्या बेचक्यांत भरावी. झावळीच्या देठाशी असणारे काटे सुईसारखे तीक्ष्ण असतात. लहान मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवरचे काटे कोयत्याने छाटून टाकावेत आणि झाड वाटेपासून आठ-दहा फूट दूर असावे. हे मी विशेष आग्रहाने सांगतो.

रोपवाटिकेत जाल तेव्हा एक सावधगिरी बाळगा. पाम म्हणून तेथे जे जे विकतात त्या सर्वांची फळे खाण्याजोगी नसतात. भेरली माडाच्या, म्हणजे माशाच्या शेपटीसारख्या पानांच्या पामाच्या फळांत सूक्ष्म सुयांसारखे स्फटिक असतात. नुसत्या हाताळण्यानेही खाज सुटते, मग तोंडात घालण्याची गोष्टच नको. ‘सागो पाम’ या नावाने विकले जाणारे सायकस हे तर ताडकुळातले झाडच नव्हे आणि त्याची लालबुंद बी विषारी असते. घरात लहान मूल किंवा पाळीव कुत्रा असेल तर ते न लावणे बरे.

हौस याहून पुढे गेली असेल तर दक्षिण ब्राझील व उरुग्वेतील ब्युटिया या पामाची ओळख करून घ्यावी. थंडी सोसण्यात तो खजुरालाही मागे टाकतो; शून्याखालील दहा अंशांतही जगतो. झावळ्या निळसर राखी, कमानीसारख्या वाकलेल्या. नर-मादी फुले एकाच पोयीत येत असल्याने एकच झाड पुरते. फळ लहान, केशरी, जर्दाळू आणि अननस यांच्या मधल्या चवीचे, पण अतिशय धागेदार. त्यात पेक्टिन भरपूर असल्याने त्याची जेली छान धरते. इंग्रजीत त्याला ‘जेली पाम’च म्हणतात. फळे पाण्यात उकळून, फडक्यातून रस गाळून, जवळजवळ समभाग साखर व लिंबाचा रस घालून आटवावयाचे, इतकेच. त्याची बी मात्र दगडासारखी कठीण. उगवावयास कधी कधी वर्ष-दोन वर्षे लागतात. तेवढा वेळ कुंडीवर ‘फेकू नये’ अशी चिठ्ठी लावून ठेवावी, नाहीतर दिवाळीच्या साफसफाईत तिची माती गुलाबाला जाते.