जागा आहे, पण कुणाची?

सबमिशनची आदली संध्याकाळ. लॅब बंद व्हायला अर्धा तास उरलाय. प्रोजेक्टचा 6 जीबीचा व्हिडिओ कसाबसा तयार झालाय. झेड ड्राइव्हखाली दिसतंय, 180 जीबी मोकळी. तुम्ही बिनधास्त कॉपी-पेस्ट मारता. हिरवी पट्टी सरकत जाते आणि हत्ती गेला, शेपूट राहिलं! ‘डिस्कवर पुरेशी जागा नाही.’

मागून कुणीतरी म्हणतं, ‘‘अरे, मागच्या बॅचचं काहीतरी उडव ना!’’ थांबा. इथेच खरा घोळ होतो. आधी तो 180 चा आकडा येतो कुठून ते बघू.

झेड ड्राइव्ह तुमच्या कम्प्युटरमध्ये नसतोच. तो दूरच्या सर्व्हरवरचा एक शेअर्ड फोल्डर असतो आणि मोकळ्या जागेचा आकडा सर्व्हर सांगतो. तुमचं विंडोज फक्त निरोप्या. बरेच सर्व्हर लिनक्सवर ‘सांबा’ वापरतात. त्यात तर हा आकडा कसा मोजायचा हे अ‍ॅडमिनला स्वतः ठरवून देण्याची सोय आहे.

कॉट एकच

होस्टेलमध्ये पन्नास खोल्या रिकाम्या असल्या तरी तुमच्या नावावर कॉट एकच असते ना? सर्व्हरवर त्याला ‘कोटा’ म्हणतात. समजा, प्रत्येक ग्रुपच्या फोल्डरला 10 जीबीची मर्यादा घातलीय. पण ड्राइव्ह जोडलाय त्याच्या वरच्या मुख्य फोल्डरला. मग दिसते अख्ख्या डिस्कची मोकळी जागा आणि अडवतो तुमच्या फोल्डरचा कोटा. विंडोजमध्ये तर प्रोग्रॅमला या दोन गोष्टी वेगवेगळ्या विचारता येतात: एकूण मोकळी जागा किती आणि या युजरला वापरता येईल अशी किती.

आतल्या बिऱ्हाडाचा मीटर वेगळा

कधी कधी शेअर्ड फोल्डरच्या आतला एखादा फोल्डर प्रत्यक्षात दुसऱ्याच डिस्कवर असतो. बाहेरून घर एक, पण आतल्या बिऱ्हाडाचा मीटर वेगळा. झेडवर दिसतो तो दर्शनी मीटर. त्यामुळे उलटंही होतं: ड्राइव्ह लालभडक दिसतो, पण आतल्या फोल्डरमध्ये भरपूर जागा असते. अशा वेळी अ‍ॅडमिनने तो फोल्डर स्वतंत्र शेअर करून दिला की खरा आकडा दिसतो.

आणखी एक गंमत. झेड आणि वाय, दोन्हींवर 180 जीबी मोकळी दिसते म्हणून 360 धरू नका. एकाच डिस्कवरचे दोन फोल्डर वेगवेगळे शेअर केले, तर दोन्हीकडे तोच आकडा दिसतो. दारं दोन, घर एकच.

आणि 1 टीबीची डिस्क 931 जीबीच का दिसते? त्यात चोरी नाही. कंपनी 1000 च्या पटीत मोजते, विंडोज 1024 च्या. लिनक्सच्या नेहमीच्या ‘एक्स्ट फोर’ डिस्कवर तर साधारण 5 टक्के जागा आधीच व्यवस्थेसाठी राखून ठेवलेली असते.

डिलीट मारण्याआधी

आता त्या ‘उडव ना’कडे वळू. स्वतःच्या कम्प्युटरवर डिलीट केलेली फाइल रिसायकल बिनमध्ये सापडते. नेटवर्क ड्राइव्हवरून केलेली सहसा तिथे जात नाही. ती थेट जाते. म्हणजे तुम्ही उडवलेलं फोल्डर कुणाचं वर्षभराचं काम असेल, तर तुमच्या मशीनवर ते शोधून उपयोग नाही. सर्व्हरचा बॅकअप असेल तरच वाचलात.

काही सर्व्हर स्वतःचा रिसायकल फोल्डर किंवा जुन्या प्रती ठेवतात. तिथे फाइल वाचते, पण जागा लगेच सुटत नाही. म्हणजे एक तर दुसऱ्याचं काम जातं, नाहीतर तुमची जागा वाढत नाही. आणि अडवणारा कोटा तुमच्याच फोल्डरचा असेल, तर शेजारचं फोल्डर उडवून मिळणार काय? काहीच नाही!

मग करायचं काय?

आधी एक छोटी टेक्स्ट फाइल सेव्ह करून बघा. ती झाली, मोठी नाही झाली, तर कोट्यावर संशय घ्या. तीच सेव्ह होत नसेल, तर कोटा पूर्ण भरला असेल किंवा तुम्हाला तिथे लिहायची परवानगीच नसेल. मग स्वतःच्या फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये त्याचा आकार बघा. तो 10 जीबीसारख्या गोल आकड्याजवळ अडकलाय? उत्तर बहुतेक सापडलं. स्वतःचेच जुने व्हिडिओ पेन ड्राइव्हवर घ्या, ते उघडतात का बघा आणि मगच इथून काढा.

तरी जमलं नाही, तर एररचा स्क्रीनशॉट, फोल्डरचा पूर्ण पत्ता आणि तुमचं लॉगिन नाव घेऊन लॅबच्या सरांना गाठा. ‘‘सर, झेड चालत नाही’’ एवढंच सांगितलंत, तर तेही अंधारात चाचपडणार. ‘‘180 मोकळी दिसते, पण माझ्या फोल्डरमध्ये 6 जीबी मावत नाही’’ म्हणालात, तर कुठे बघायचं ते त्यांना लगेच कळेल.

आणि हो, हे सगळं सबमिशनच्या आदल्या संध्याकाळी नाही. आजच बघून ठेवा!