तारेंतील वेग कोठें मुरतो ?

कात्रजच्या तलावाचें पाणी भूमिगत नळानें पुण्यास नेण्याची योजना नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दींत, इ. स. १७५० च्या सुमारास, सिद्धीस गेली. त्या नळावर ठिकठिकाणीं उच्छ्वास बांधलेले होते. शहरांतील हौदास पाणी कमी आलें म्हणजे एकदम तलावास दोष देण्याचें कारण नव्हतें. एकेका उच्छ्वासापाशीं पाहत गेलें असतां पाणी कोठवर पुरतें येतें व कोठून घटतें, हें उमगण्याची सोय त्या रचनेंतच होती.

हीच दृष्टि आमच्या वाचकांनीं घरांतील तारेच्या इंटरनेटविषयीं ठेवावी. सातबारा, बाजारभाव, हवामान आणि मुलांचा अभ्यास हीं सर्व आतां याच तारेवर अवलंबून आहेत. वेग मंदावला कीं पुष्कळजण अधिक दराची योजना घेतात. पाटचारीस भगदाड असतां कालव्याचें जास्त पाणी मागण्यासारखेंच हें होय.

ही चूक आमच्या हातूनही घडली आहे. कात्रज येथील आमच्या घरीं ३०० मेगाबिटांची जोडणी आहे. परंतु आंतल्या खोलींतील संगणकावर वेग ९४ च्या वर जाईना. मुलीची परीक्षा त्याच संगणकावर व्हावयाची होती. आम्ही कंपनीशीं भांडलों, नंतर मोठी योजना घेतली. तरी आंकडा ९४ चा ९४ च राहिला. दोन महिन्यांचे जादा पैसे गेल्यावर कपाट सरकविलें, तों तार उंदरानें कुरतडलेली आढळली.

आतां तपासणीचा क्रम सांगतों. प्रथम माप समजून घ्यावें. कंपनी वेग मेगाबिटांत सांगते, आणि संगणक फाइल उतरवितांना तो बहुधा मेगाबाइटांत दाखवितो. आठ बिटांचा एक बाइट होतो. म्हणून ३०० मेगाबिट म्हणजे सेकंदास सुमारें साडेसदतीस मेगाबाइट. कित्येक तक्रारी या हिशेबानेंच मिटतील.

त्यानंतर उगमापाशीं जावें. कंपनीच्या पेटीस आंखूड व चांगल्या तारेनें एकच संगणक जोडावा, बाकीचीं यंत्रें तेवढा वेळ बंद ठेवावीं, आणि वेग मोजावा. सकाळीं व रात्रीं असा दोन वेळां मोजून आंकडे तारीखवार लिहून ठेवावे. येथेंच वेग कमी असेल तर ती कंपनीची बाब होय, आणि लिहिलेले आंकडे हाताशीं असले म्हणजे तक्रारीस वजन येतें. येथें वेग पुरता मिळाला तर दोष आपल्या घरांत आहे असें समजावें.

मग एकेक टप्पा पुढें सरकावें : प्रथम राउटर, मग स्विच असल्यास तो, मग भिंतींतील तार, व शेवटीं संगणकाजवळची आंखूड तार. एका वेळीं एकच वस्तु बदलावी. दोन बदलल्यास गुण कशानें आला तें कळत नाहीं.

९० ते ९५ हा आंकडा दिसल्यास तो मोठा खुणेचा समजावा. तारेंत आठ धागे, म्हणजे पिळलेल्या चार जोड्या असतात. शंभर मेगाबिटांच्या जोडणीस दोनच जोड्या पुरतात. हजारास चारही लागतात. सामान्यतः निळी किंवा तपकिरी जोडी तुटली, तरी नारिंगी व हिरवीवर काम चालूं राहतें; बहुतेक यंत्रें अशा वेळीं मुकाट्यानें शंभरावर उतरतात. इंटरनेट चालूं असल्यामुळें कोणास संशय येत नाहीं. संगणकाच्या नेटवर्क सेटिंगमध्यें ‘लिंक स्पीड’ पाहावा. तेथें १००० च्या जागीं १०० असल्यास तार, टोकाचे प्लग, अथवा जुन्या राउटरचें किंवा संगणकाचें शंभराचेंच छिद्र, यांपैकीं कांहीं तरी कारण आहे. प्लग सैल असेल तर नवा बसवून घ्यावा. हें काम अल्प खर्चाचें आहे.

नवी तार घेतांना कॅट ५ ई किंवा कॅट ६ प्रतीची, शुद्ध तांब्याची घ्यावी. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार स्वस्त पडते, पण ती लवकर तुटते व लांब अंतरावर दगा देते. दोन यंत्रांमधील तार १०० मीटरांहून लांब नसावी. मोटारपंपाच्या विजेच्या तारेशेजारून ती नेऊं नये. घरापासून गोठ्यापर्यंत किंवा शेडपर्यंत उघड्यावरून जोडणी न्यावयाची असल्यास तांब्याऐवजीं ऑप्टिकल फायबर घालावी. जवळपास वीज पडल्यास तांब्याच्या तारेवाटे दोहींकडील यंत्रें जळण्याचें भय असतें.

तार बदलल्यावर आमच्या संगणकानें पहिल्या योजनेचा वेग पुरता दिला, व जादा दराची योजना आम्हीं सोडली. मुलीची परीक्षा निर्विघ्न पार पडली. कंपनीशीं भांडण्यापूर्वीं आंखूड तार घेऊन उगमापाशीं एकदां बसावें, एवढीच आमची वाचकांस विनंति आहे. पाणी कोठें मुरतें हें आधीं पाहावें. मग तलाव वाढविण्याची गोष्ट बोलावी.