काटा थांबला म्हणून जेवण थांबवू नका

लठ्ठपणासाठी पोटाचे ऑपरेशन, म्हणजे बॅरियाट्रिक शस्त्रक्रिया, ही आता फक्त मोठ्या लोकांची गोष्ट राहिली नाही. नागपूरच्या नितीन गडकरींनी २०११ मध्ये ती करून घेतली तेव्हा पेपरात बातम्या आल्या होत्या. आज वर्धा, हिंगणघाट, पुलगावच्या वस्त्यांतूनही शुगर, गुडघे आणि धाप यांनी बेजार झालेली एखादी बाई हे ऑपरेशन करून आलेली दिसते. कुणी कर्ज काढते, कुणी गळ्यातले मोडते. पहिले तीन-चार महिने वजन भराभर उतरते, घर खूश असते. मग काटा एका आकड्यावर बसतो आणि महिनाभर हलत नाही. घरातून सुरू होते, "एवढा पैसा घातला, काय फायदा झाला?"

या टोमण्याची आम्हाला काट्यापेक्षा जास्त भीती वाटते. आमच्या पाहण्यातल्या एका ताईने असेच ऐकून जेवण सोडले. पंधरा दिवस काळा चहा आणि दोन टोस. वजन एक किलोही उतरले नाही. केस मात्र पुंजक्याने गळाले आणि नळावर पाणी भरताना ती चक्कर येऊन पडली.

काटा थांबतो यात तिची चूक नव्हती. स्लीव्ह नावाच्या ऑपरेशनात जठराचा जवळजवळ तीन-चतुर्थांश भाग काढतात. बायपासमध्ये छोटी पिशवी करून आतड्याचा रस्ता बदलतात. दोन्हींत खाणे एकदम कमी होते. सुरुवातीला शरीर साठवलेली साखर वापरते आणि तिच्यासोबत धरलेले पाणी बाहेर पडते, म्हणून काटा धावतो. पाणी संपले की धाव संपते. पुष्कळांना तिसऱ्या आठवड्याच्या आसपास पहिला थांबा लागतो, पुढे सहा महिन्यांच्या सुमारास पुन्हा. शिवाय ११० किलोचे शरीर चालवायला जेवढे इंधन लागते तेवढे ८५ किलोच्या शरीराला लागत नाही. त्यात शरीराला वाटते दुष्काळ पडला, आणि ते खर्च आणखी आखडते. अशा वेळी उपाशी राहिले तर चरबीबरोबर मांसही झडते, आणि मांस झडले की खर्च अजून कमी. वजन साधारण बारा ते अठरा महिने उतरते. त्यानंतर ते थांबणारच, थोडेफार वाढतेही. त्याला कुणी अपयश म्हणू नये.

संयुक्त निकायात कोसलचा राजा पसेनदी याची गोष्ट आहे. तो द्रोणभर भात खायचा आणि धापा टाकत भगवान बुद्धांकडे यायचा. बुद्धांनी त्याला उपास सांगितला नाही, जेवणात मात्रा ओळखायला सांगितले. राजाने एका तरुणाला नेमले, त्याने जेवताना रोज त्याची आठवण करून द्यायची. राजा हळूहळू नाळीभर भातावर आला आणि हलका झाला. देह सुकवून काही साधत नाही हे तर सिद्धार्थाने स्वतः अनुभवून सोडले होते. तरी २२ प्रतिज्ञा घेतलेल्या आपल्या काही घरांत अजून चतुर्थीचा उपास चालतो, आणि त्या दिवशी साबुदाणा. साबुदाण्यात पिठाशिवाय फारसे काही नाही, ऑपरेशन झालेल्या पोटाला तो नकोच.

मग खायचे काय? प्रथिने आधी. दिवसाला साधारण ६० ग्रॅम तरी हवीत. तुमच्यासाठी नेमका आकडा डॉक्टर सांगतील. महागडा डबा विकत घेतलाच पाहिजे असे नाही. दोन अंड्यांत १२ ग्रॅम मिळतात. कोरड्या सोयाबीन वड्या ३० ग्रॅम घेतल्या तर १५, तुरीच्या घट्ट वरणाच्या वाटीत सहा-सात, मूठभर फुटाण्यांत सहा. ज्या दिवशी चिकन किंवा मासे असतील त्या दिवशी हिशेब सहज पुरा होतो. सुके बोंबील तर स्वस्तात भरपूर प्रथिने देतात, फक्त मीठ धुऊन घ्या. ताटात आधी अंडे-वरण-मासे, मग भाजी, भाकरी शेवटी. पोट भरले तर भाकरी राहू द्या. पाणी जेवताना नको, अर्ध्या तासाने घोट घोट.

आम्ही विचारपूस करतो तेव्हा चोर बहुतेक वेळा कपात सापडतो. दोन चमचे साखरेचे सहा चहा म्हणजे बारा चमचे साखर. बिस्किटे, खारी, चिवडा, शेव हे पदार्थ लहान पोटातून सहज घसरतात. पोट भरल्याचे कळतच नाही. हे लिहून ठेवायला आठ दिवसांची वही पुरते.

वजन रोज करू नका. आठवड्यातून एकदा, त्याच काट्यावर, सकाळी. पाळीच्या दिवसांत पाण्यामुळे दीड-दोन किलो इकडेतिकडे होते. कंबर टेपने मोजा. काटा थांबला असताना ब्लाऊज सैल होत असेल तर काम चालू आहे. आता मांस टिकवायला हवे: रोज चालणे, आणि खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणे-बसणे, भिंतीला हात टेकून दंड काढणे. दिवसभर धुणीभांडी करणाऱ्या बाईला आम्ही व्यायाम सांगतो तेव्हा ती हसते. बरोबर आहे तिचे. पण उभे राहून थकणे वेगळे आणि मांड्यांना ताकद येणे वेगळे.

काही गोष्टी अजिबात नकोत. 'चरबी जाळणारी' पावडर विकणारे वस्तीत फिरतात, त्यांना दारातूनच परत पाठवा. खर्रा बंद, कारण तंबाखूने जोडाच्या जागी जखम होते. बायपास झालेल्यांनी गुडघ्यासाठी मेडिकलवरून मनाने वेदनाशामक गोळी घेऊ नये, तिनेही तेच होते. दारूही नको, बायपासनंतर ती फार लवकर चढते. जिल्ह्यात दारूबंदी आहे म्हणून हे लिहायची गरज नाही असे कुणी म्हणू नये, कुठे काय मिळते ते सगळ्यांना माहीत आहे.

आणि धोक्याचे: सतत उलट्या, पायांना मुंग्या, डोळ्यांपुढे दोन-दोन दिसणे, चालताना झोक जाणे. असे झाले तर थांबू नका, ही ब-१ जीवनसत्त्वाची कमतरता असू शकते. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात सलाईन लावून घेण्याआधी ऑपरेशन झाल्याचे सांगा. ब-१ आधी न देता नुसते ग्लुकोज चढवले तर मेंदूला इजा होऊ शकते.

लोह, ब-१२, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या जन्मभराच्या आहेत. वजन थांबले म्हणून त्या सोडू नका, रक्त तपासत राहा. थायरॉइडही तपासून घ्या, काही वेळा काटा त्यानेच अडतो. आपल्या समाजात सिकलसेल आहे. त्यामुळे हिमोग्लोबिन कमी दिसले की लगेच लोहाचा डोस वाढवण्याआधी सिकलसेलची तपासणी झाली आहे का ते पाहा. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते. तिचा कागद, ऑपरेशनचा कागद आणि चालू गोळ्यांची यादी एकाच पिशवीत ठेवा आणि सेवाग्रामला जा की सावंगीला, ती पिशवी सोबत न्या.