जुनी मोटार आणि मिस्त्रीची मजुरी

वाडवडिलांच्या वेळची मोटार ज्या घरांत अद्याप उभी आहे, त्या घरांत वर्षांतून एकदां तरी हा प्रश्न निघतोच : "हिच्यावर आणखी किती खर्च करावयाचा?" प्रश्न साधा दिसतो, परंतु त्याचें उत्तर देणारा मनुष्य सहसा सांपडत नाहीं. मिस्त्रीस विचारावें तर तो बॉनेट उघडून, मान हलवून, "खोलल्याशिवाय सांगतां येत नाहीं" एवढेंच म्हणतो; आणि घरांतील मंडळींस वाटतें कीं, हा आपणांस फसविण्याच्या तयारींत आहे. वस्तुतः त्याचें तें वाक्य बहुधा अक्षरशः खरें असतें. तें कां खरें असतें आणि दुरुस्तीचा पैसा नेमका कोठें जातो, हें एका गाडीच्या उदाहरणानें सांगावयाचें आहे.

ही गाडी म्हणजे आपल्याकडे जिला सर्वजण "डुक्कर फियाट" म्हणतात ती. नांव कोणी ठेवलें देव जाणे. पण पुढच्या गोलसर नाकाकडे पाहिलें कीं तें पटतें. इटलींत १९५३ सालीं निघालेली ही ११०० जातीची गाडी पुढें मुंबईस कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यांत तयार होऊं लागली. हा कारखाना शेठ वालचंद हिराचंद यांच्या १९४४ सालच्या उद्योगांतून उभा राहिलेला. मिलेचेंतो, एलिगंट, सिलेक्ट, सुपर सिलेक्ट अशीं नांवें बदलत गेलीं. १९६४ च्या सुमारास डिलाइट आली, तिचा आकार बदलला. आणि १९७४ पासून तीच गाडी पद्मिनी या नांवानें घरोघर झाली. या सर्व स्थित्यंतरांत इंजिन मात्र मूळचें १०८९ घनसेंटिमीटरांचेंच राहिलें. आमच्या घरची गाडी १९६० सालची सिलेक्ट. वडिलांनीं घेतलेली; आज आम्हां तिघां भावांच्या सामाइकांत आहे.

इंजिन तेंच राहिलें, या गोष्टीचें महत्त्व आमच्यासारख्या घरांना फार उशिरां कळलें. मुंबईच्या रस्त्यांवर काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सी हजारोंनीं धांवत होत्या, तोंवर त्यांच्यासाठीं रिंगा, बेअरिंगें, गॅस्केटें, ब्रेकचीं रबरें नित्य बनत आणि स्वस्त विकलीं जात. टॅक्सीवाल्यास गाडी दोन दिवस बंद ठेवणें परवडत नसे. म्हणून तिचें काम डोळे मिटून करणारे कारागीरही गल्लोगल्लीं होते. पुण्यांतल्या एखाद्या वाड्यांत वर्षांतून चार वेळां निघणाऱ्या सिलेक्टची दुरुस्ती स्वस्त होती, ती त्या टॅक्सीवाल्यांच्या जिवावर. नव्या शतकाच्या आरंभीं कारखान्यानें ही गाडी काढणें थांबविलें. मुंबईंत टॅक्सीस वीस वर्षांची मर्यादा आहे. त्यामुळें ऑक्टोबर २००३ मध्यें नोंदलेली शेवटची पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्यें रस्त्यावरून गेली. ज्या बाजाराला हजारों गिऱ्हाइकें होतीं, त्याला आतां हौशी लोकांखेरीज कोणी उरलें नाहीं. जो सुटा भाग पूर्वीं कोपऱ्यावरच्या दुकानांत मिळे, त्यासाठीं आज कुर्ल्याच्या भंगारवाल्यांकडे अथवा पुण्याच्या जुन्या बाजारांत बुधवारीं व रविवारीं हिंडावें लागतें. मिळाला तर तो आपल्या गाडीस बसेलच असें नाहीं. पुष्कळदां लेथवर घासूनपुसून बसवावा लागतो.

आतां "खोलल्याशिवाय सांगतां येत नाहीं" याविषयीं. या गाडीस निराळी सांगाडा-चौकट नाहीं; तळाचा पत्रा, दाराखालच्या पट्ट्या आणि छत मिळूनच तिचा सांगाडा होतो. त्यामुळें पायपुसण्याखालीं पत्रा सडला तर तें केवळ दिसण्यापुरतें व्यंग नसतें. गाडीच्या कण्यालाच कीड लागलेली असते. वरून रंग कितीही चकचकीत असो, मिस्त्रीनें पेंचकसाचें टोंक टोंचून पाहिल्यावांचून तें कळत नाहीं. पुढच्या चाकांचे किंगपिन असेच. ग्रीस वेळच्या वेळीं दिलें असेल तर वर्षानुवर्षें टिकतात, नसेल तर बुश झिजून चाक डुलूं लागतें. आणि किती झिजलें तें चाक उतरवूनच पाहावें लागतें. इंजिनांत सिलिंडर किती झिजले हें हेड काढून मोजल्यावर ठरतें. आणि पूर्वीं दोनदां बोअर झालेलें असेल तर तिसऱ्या वेळीं स्लीव्ह बसवाव्या लागतात, म्हणजे खर्च आणखी वाढला.

शिवाय पेट्रोलच बदललें आहे. २००० सालापासून देशभर शिसेंविरहित पेट्रोल आलें आणि अलीकडे त्यांत वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळूं लागले. साठ वर्षांपूर्वींच्या रबरी नळ्या आणि पंपाचे पडदे यांना तें सोसत नाहीं. ते फुगतात, चिरतात, आणि तापलेल्या इंजिनावर पेट्रोल ठिबकतें. नवीन, इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या घालणें हा थोडक्या पैशांचा खर्च आहे. पण कोणीही तो आपण होऊन सुचवीत नाहीं, म्हणून मुद्दाम लिहिलें.

आमच्या गाडीचें काम दोन वर्षांपूर्वीं झालें. हिशेब लिहिण्याची जुनी संवय असल्यामुळें वही समोर आहे. इंजिनाचें पूर्ण काम : सुटे भाग २२,००० रुपये, बोअर व क्रँक घासण्याचे ९,०००, मिस्त्रीची मजुरी १४,०००. ब्रेक, किंगपिन व स्टिअरिंग : भाग ११,०००, मजुरी ६,५००. तळाचा पत्रा कापून नवा झाळण्याचे डेंटरला २८,०००. वायरिंग ७,५००. टायर व बॅटरी २४,०००. एकूण १,२२,००० रुपये. यांत मिस्त्रीच्या हाताची किंमत २०,५००, म्हणजे सुमारें सहावा हिस्सा. आणि आमच्या घरांत जो वाद झाला तो सारा या सहाव्या हिश्श्यावर! टायरवाल्यानें सांगितलेली किंमत कोणी एका शब्दानें कमी करून घेतली नाहीं. रंगाऱ्यानें ८५,००० सांगितले तेव्हांही सगळे गप्प होते. मिस्त्रीनें साडेसहा हजार मागतांच मात्र आमचे मधले बंधु म्हणाले, "चार पान्यांचे एवढे पैसे?"

मीं वहींत दिवस मोजले. मिस्त्रीनें या गाडीवर सव्वीस दिवस काम केलें होतें. म्हणजे दिवसाला आठशें रुपयेही पडले नाहींत. त्यांत पुन्हां जुन्या बाजारांत व कुर्ल्यास किंगपिनच्या बुशांसाठीं घातलेले दोन दिवस त्यानें धरलेच नव्हते. विचारलें तेव्हां म्हणाला, "मास्तर, शोधायचे पैसे कोण देतं? बसवायचे देतात." माधवकरांचा "माधवनिदान" म्हणून जो प्रसिद्ध ग्रंथ आहे तो केवळ रोग ओळखण्याविषयीं आहे. आपल्या पूर्वजांनीं ओळखण्याला एका ग्रंथाची योग्यता दिली. आपण मात्र वैद्याला नाडी पाहण्याचे पैसे मुकाट्यानें देतों आणि मिस्त्रीनें कान लावून कोणत्या सिलिंडरचा आवाज चुकतो तें ओळखलें, तर ती त्याची अंगभूत करामत समजून फुकट घेतों. कार्ब्युरेटरचा स्क्रू पाव फेरा फिरविण्याचे पैसे थोडे. कोणता स्क्रू फिरवावयाचा हें कळण्याचे खरे.

रंगाचा प्रश्न त्याच वेळीं निघाला, कारण पुतण्याचें लग्न जवळ आलें होतें आणि वरात जुन्या फियाटींतून काढावी असा तरुण मंडळींचा आग्रह होता. रंग आधीं, इंजिन मागाहून, असा त्यांचा क्रम. मिस्त्रीनें साफ नाकारलें. "आधीं तिला थांबायला शिकवूं द्या, मग नटवा," असें त्याचें म्हणणें. माझ्या धाकट्या भावजयीनें तेव्हां विचारलें, "लग्न झाल्यावर मुलांना बसवून कात्रजच्या घाटांतून न्यायची आहे ना ही? मग रंगानें ती थांबणार आहे का?" या प्रश्नापुढें कोणी बोललें नाहीं. वरात भाड्याच्या गाडींतून निघाली.

ज्यांच्या घरीं असा विषय चालला असेल त्यांनीं काम देण्यापूर्वीं एक गोष्ट ठरवावी : गाडी चालवावयाची कीं मिरवावयाची? सरकारनें जुलै २०२१ मध्यें पन्नास वर्षांहून जुन्या व मूळ स्वरूपांत राखलेल्या गाड्यांसाठीं निराळी नोंदणी काढली. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, पुढें दहा वर्षांनीं ५,०००. जुना क्रमांक असेल तर तो ठेवतां येतो. परंतु या नोंदणीवर गाडी रोजच्या वापरास नेतां येत नाहीं; प्रदर्शन, संशोधन, जुन्या गाड्यांची रॅली, पेट्रोल भरणें व दुरुस्ती एवढ्यापुरतीच. देवदर्शनास व बाजारास न्यावयाची असेल तर हा मार्ग आपला नव्हे.

चालवावयाची ठरल्यास मिस्त्रीकडून एकदम सगळ्या कामाचा आंकडा मागूं नये. तो द्यावयास लावलें तर तो भीतीपोटीं तरी फुगवील, नाहींतर कमी सांगून अर्ध्यावर सोडील. दुसऱ्या प्रकारचा अनुभव आम्हांस पूर्वीं एका गॅरेजांत आलेला आहे. इंजिन खोलून गाडी सात महिने तेथेंच पडली होती. खोलून पाहण्याचें काम निराळें धरावें, त्याची मजुरी आधीं ठरवून द्यावी, आणि काय सडलें-झिजलें तें कागदावर घ्यावें. मग ब्रेक व स्टिअरिंग, त्यानंतर तळाचा पत्रा, पेट्रोलच्या नळ्या, वायरिंग, मग इंजिन. प्रत्येक टप्प्यावर थांबण्याची मुभा दोघांस असावी, आणि काढलेले जुने भाग मोजून परत घ्यावे. भाग शोधण्यांत गेलेले दिवस मजुरींत धरावे.

आमच्या मिस्त्रींचें वय आतां पासष्टाच्या पुढें आहे. मुलगा बँकेंत लागला. हाताखालीं सध्यां एकच पोरगा आहे. गेल्या चैत्रांत उजव्या चाकाच्या किंगपिनला ग्रीस भरून, तो डुलतो कीं काय हें त्यानें एकट्यानें पाहिलें, आणि त्या अर्ध्या दिवसाचे पैसे आम्हीं त्याच्या हातावर निराळे ठेवले. रंग अद्याप दिलेला नाहीं.